धावपटू थांबतो, वक्ता निघतो

गणेशगुडीत काळी नदी वेळापत्रकानं वाहते. सुपा धरणाच्या पायथ्याचं वीजघर सुरू झालं की पात्रात पाणी चढतं आणि रबरी तराफे काठाला लावून बसलेली पोरं लगबगीनं पर्यटकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवू लागतात. वीजघर बंद असलं की सगळेच खडकांवर बसून राहतात. “सोडूलेत पाणी, सर. जरा दम खावा,” असं त्यातला एक जण बेळगावकडच्या मराठीत सांगतो, लगेच वळून जोडीदाराशी कोकणीत बोलतो आणि फोन वाजला की कन्नडमध्ये शिरतो. जोयडा तालुक्यात या तिन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडात सुखानं नांदतात.

धरण 101 मीटर उंच आहे. 1980 च्या दशकात ते पुरं झालं आणि काळी नि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव तोवर सुपाच होतं. गाव बुडालं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि विस्थापितांपैकी बरेच जण रामनगरला जाऊन वसले. बांधकामाच्या काळात सुरुंगाची दारू ज्या कोठारात ठेवत, तिथं आज ‘ओल्ड मॅगझिन हाऊस’ नावाचं वनविश्रामधाम आहे. पाण्याच्या कुंड्यांवर पाखरं उतरतात आणि लांबलचक भिंगांचे कॅमेरे रोखून माणसं तासन्‌तास त्यांच्यासमोर बसतात. स्फोटकांच्या जागी एवढी शांतता आणणं फार थोड्या सरकारी इमारतींना जमलं असेल.

पाण्याची वाट पाहताना वाचायला पिशवीत डंकन हॅमिल्टन यांचं ‘फॉर द ग्लोरी’ होतं. 2016 साली निघालेलं हे एरिक लिडेलचं चरित्र. रविवारी धावायचं नाही म्हणून ऑलिंपिकची शंभर मीटरची शर्यत सोडणारा स्कॉटिश धावपटू, पुढे चीनमध्ये मिशनरी आणि शेवटी जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत मृत्यू. काळीच्या खोऱ्याशी या माणसाचा काही संबंध नाही. पुस्तक इथवर आणलं ते हल्याळमुळे. दांडेलीच्या अलीकडच्या त्या तालुक्यात आणि आसपासच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाजाची वस्ती आहे, त्यातली अनेक कुटुंबं ख्रिस्ती आहेत आणि या वस्त्यांमधून एके काळी देशपातळीवर धावणारी मुलं-मुली निघाली. लिडेलचं नाव शंभर वर्षांनंतरही व्याख्यानांमधून जगभर फिरतं. इथल्या धावपटूंची नावं दांडेलीच्या पुढे विचारली तर लोक एकमेकांकडे पाहतात. ही तफावत पायांच्या वेगाची नाही, एवढं तर उघड आहे. मग ती कशाची, याचा विचार करत हा रस्ता धरला होता.

बेळगावहून निघालं की धावण्याचा इतिहास पहिल्याच मैलापासून सुरू होतो. फडेप्पा दारेप्पा चौगुले बेळगावचे. 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा जो पहिला संघ सर दोराबजी टाटांच्या पुढाकारानं गेला, त्यात ते होते. तिथं मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. अनवाणी पळण्याची सवय असलेल्या, परदेशी थंडीची ओळखही नसलेल्या माणसानं जगातला एकोणिसावा नंबर काढला होता. पुढे खानापूर लागतं, मग नंदगड. तिथं 1831 साली इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली आणि त्याच्या समाधीवर आजही नवस बोलले जातात. रायण्णाचं चरित्र टिकवलं ते गावोगाव फिरणाऱ्या लावणीकारांनी आणि जत्रांनी. चौगुल्यांच्या वाट्याला असा कुणी गाणारा आला नाही. नंदगडनंतर साग दाट होतो, हल्याळ येतं, मग कागद गिरणीची दांडेली आणि तिथून वळणावळणांनी गणेशगुडी.

लिडेलच्या बाबतीत गाणारा शर्यतीच्या आधीच हजर होता. त्याचं नाव डी. पी. थॉमसन. स्कॉटलंडमधल्या आर्मडेल या खाणकामगारांच्या गावात तो धर्मप्रचाराच्या सभा घेत होता आणि पुरुष मंडळी सभेकडे फिरकत नव्हती. तेव्हा एडिंबरा विद्यापीठात शिकणारा, रग्बीत स्कॉटलंडकडून खेळणारा आणि शंभर यार्डांत सगळ्यांना मागे टाकणारा एक तरुण बोलायला मिळाला तर ते येतील, असा व्यवहारी हिशोब त्यानं केला. 6 एप्रिल 1923 ला लिडेल आर्मडेलमध्ये पहिल्यांदा बोलला. तो वक्ता असा नव्हताच. हळू आवाजात, साध्या वाक्यांत बोलायचा. पण लोक आले.

पुढच्या वर्षी पॅरिस. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, 6 जुलै 1924 ला होत्या. त्या दिवशी लिडेल पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन देत होता. दोनशे मीटरमध्ये त्याला कांस्य मिळालं आणि 11 जुलैला चारशे मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्ण. 1925 मध्ये तो चीनला गेला, तिथल्या त्येन्त्सिन शहरात शिकवू लागला आणि पुढे खेड्यापाड्यांत फिरला. युद्धात पत्नी आणि मुली कॅनडात होत्या. तिसरी मुलगी त्यानं कधी पाहिलीच नाही. वेइश्येनच्या छावणीत 21 फेब्रुवारी 1945 ला मेंदूतल्या गाठीनं त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पहिलं चरित्र निघालं. ते लिहिणारा होता डी. पी. थॉमसन, ज्यानं त्याला पहिल्यांदा व्यासपीठावर उभं केलं तोच.

त्यानंतर लिडेलची चरित्रं थांबली नाहीत. 1981 मध्ये सॅली मॅग्नसन यांचं पुस्तक आलं, त्याच साली ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा चित्रपट आला आणि त्यानं सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवले. 2001 मध्ये डेव्हिड मॅककॅसलंड या अमेरिकन लेखकाचं चरित्र, मग जॉन केडी यांचं, मग हॅमिल्टन यांचं. अशा पुस्तकाचा लेखक घरी बसून राहत नाही. चर्च, शाळा, खेळाचे क्लब, विद्यापीठातल्या संघटना त्याला बोलावतात. राहायची सोय यजमानांच्या घरी, तासाभराचं भाषण, मागच्या बाजूला पुस्तकांचं टेबल आणि सह्या घेणाऱ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. समुद्र ओलांडला तरी पद्धत बदलत नाही, फक्त चहाच्या जागी कॉफी येते.

सांगता सांगता गोष्ट मात्र घासली जाते. चित्रपटात लिडेलला रविवारच्या शर्यतीची बातमी जहाजावर चढताना कळते. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी ठाऊक होतं आणि त्या काळात त्यानं चारशे मीटरची तयारी केली. एका रात्रीत घेतलेला धर्मनिर्णय सभागृहात टाळ्या मिळवतो. कित्येक महिन्यांचा सराव, प्रशिक्षकाशी चर्चा, निवड समितीशी पत्रव्यवहार, यांना टाळ्या नसतात. व्याख्यानदौऱ्याचा हा स्वभावच आहे. वक्ता दर संध्याकाळी तीच गोष्ट सांगतो आणि जिथं श्रोते चुळबुळतात तो तुकडा दुसऱ्या दिवशी गळतो.

अशा दौऱ्यांचं मूळ शोधत मागं गेलं की 1885 च्या हिवाळ्यात अमेरिकेत उतरलेला एक इंग्रज दिसतो. जॉन एडवर्ड किनॅस्टन स्टड. त्याचे वडील एडवर्ड स्टड यांनी आपल्याकडच्या तिरहुतात, म्हणजे उत्तर बिहारात, निळीच्या मळ्यांवर पैसा केला आणि इंग्लंडला परतून घोड्यांच्या शर्यतींचा शौक केला. ड्वाइट मूडी या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या सभांनी ते बदलले. तीन मुलं, किनॅस्टन, जॉर्ज आणि चार्ल्स, ईटनमध्ये आणि मग केंब्रिजमध्ये शिकली आणि लागोपाठ तीन वर्षं विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाली. घरातल्या घरात कर्णधारपद फिरवण्याचा हा प्रकार आजही दुर्मिळ मानावा लागेल.

त्यातला चार्ल्स, म्हणजे सी. टी. स्टड, सर्वांत नावाजलेला. 1882 आणि 1883 अशा दोन्ही मोसमांत त्यानं हजार धावा आणि शंभर बळी मिळवले. ऑगस्ट 1882 मध्ये ओव्हलवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून सात धावांनी हरलं तेव्हा तो एकही चेंडू न खेळता नाबाद राहिला. त्या पराभवानंतरच एका वृत्तपत्रानं इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापली आणि ‘अ‍ॅशेस’चा जन्म झाला. पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार्ल्स आणि जॉर्ज दोघंही होते. रक्षाकलशावर चिकटवलेल्या कवितेत स्टड हे नाव आहे. आणि 1885 च्या फेब्रुवारीत हा खेळाडू आणखी सहा जणांबरोबर मिशनरी म्हणून चीनला निघून गेला. दोनच वर्षांत वाट्याला आलेली वडिलांची संपत्तीही त्यानं वाटून टाकली. त्यातला काही भाग भारतातल्या साल्व्हेशन आर्मीकडे आला.

किनॅस्टन मागं राहिला. मूडीच्या बोलावण्यावरून तो अमेरिकन कॉलेजांच्या दौऱ्यावर निघाला आणि गावोगाव भावाची आणि त्याच्या सोबत्यांची गोष्ट सांगू लागला. सोबत्यांपैकी माँटेग्यू बोशां तर त्याचा मेहुणाच होता. म्हणजे सगळा घरचा मामला. हातात पुस्तक नव्हतं, ते पुढे आलं. तोपर्यंत वक्ताच चालतंबोलतं चरित्र होता. 1886 च्या जानेवारीत तो कॉर्नेल विद्यापीठात बोलत होता तेव्हा एक विद्यार्थी उशिरा आत आला आणि मागं टेकला. जॉन मॉट त्याचं नाव. मिळकतीचा आणि वकिलीचा विचार करणाऱ्या या मुलाची वाट त्या संध्याकाळी वळली. पुढे तो वाय.एम.सी.ए.चा जागतिक नेता झाला, भारतात अनेकदा आला आणि 1946 मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

या गोष्टीचं दुसरं टोक कोल्हापूरला आहे. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यानं कोल्हापुरात काम सुरू केलं ते 1852 मध्ये. त्याचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये तिथंच जन्मला आणि बालपण पंचगंगेच्या काठी काढून अमेरिकेत शिकायला गेला. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं मूडीनं भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात मॉट आणि रॉबर्ट वाइल्डर दोघंही होते. परदेशी मिशनसाठी शंभर विद्यार्थ्यांनी तिथं नावं दिली आणि त्यामागं सर्वांत जास्त धडपड कोल्हापूरच्या या पोराची होती. मग तो आणि जॉन फोरमन वर्षभर बाहेर पडले आणि दीडशेहून जास्त कॉलेजांमध्ये बोलले. फोरमनचाही जन्म भारतातला, लाहोरचं फोरमन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे त्यांचा तो मुलगा. वाइल्डर 1892 मध्ये भारतात परतला आणि पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये राहिला.

वाय.एम.सी.ए.चं जाळं पुढे खेळाकडेच वळलं, हा यातला गमतीचा भाग. हॅरी क्रो बक या अमेरिकनानं 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून तोच गेला. म्हणजे लिडेल ज्या गावी चारशे मीटर धावला, तिथं एका जुन्या व्याख्यानदौऱ्याची भारतीय फांदीही पोचली होती. किनॅस्टन स्टड लंडनचा लॉर्ड मेयर झाला, 1930 मध्ये एम.सी.सी.चा अध्यक्ष झाला. भावापेक्षा तो क्रिकेट कमी खेळला, पण भावाची गोष्ट त्यानं ज्या कौशल्यानं फिरवली त्याला तोड नाही.

1886 च्या मार्चमध्ये, म्हणजे किनॅस्टनच्या कॉर्नेलमधल्या भाषणानंतर दोन महिन्यांनी, फिलाडेल्फियाच्या बंदरात एक मराठी बाई उतरल्या. पंडिता रमाबाई. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं, 11 मार्चचं. त्या लगेच परतणार होत्या, राहिल्या मात्र अडीच वर्षांहून जास्त. 1887 मध्ये त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तक आणि भाषण यांची जोडी रमाबाईंनी अशी काही जमवली की त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि हिंदुस्थानातल्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवण्याची जबाबदारी तिनं घेतली. ती शाळा, म्हणजे शारदा सदन, 11 मार्च 1889 ला मुंबईत सुरू झाली. त्याच साली अमेरिकेची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर त्यांचं मराठी पुस्तक आलं.

लेखक परदेशात फिरतो, पुस्तक विकतो, बोलतो आणि त्यातून घरी काहीतरी उभं राहतं, याचा मराठीतला पहिला मोठा नमुना तोच. रमाबाईंचा जन्म गंगामूळच्या जंगलातला, म्हणजे याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानातला. वडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराण सांगत त्या वाढल्या होत्या. अनोळखी गावात उभं राहून अनोळखी माणसांना धरून ठेवण्याची विद्या त्यांनी बोस्टनला जाऊन शिकलेली नव्हती. स्टड आणि रमाबाई यांच्या दौऱ्यांत एक मोठा फरक आहे. स्टड भावाचा त्याग सांगत होता, रमाबाई विधवांवर लादलेलं जिणं सांगत होत्या. दुसरी गोष्ट सांगायला कठीण. ऐकणाऱ्याला ती भारावून टाकत नाही, जबाबदार धरते. रमाबाईंनी ती आकडे, कायदे आणि शाळेच्या खर्चाचा अंदाज घेऊन सांगितली.

विसाव्या शतकात या प्रकारानं आणखी एक वळण घेतलं. लुई झॅम्परिनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरमध्ये आठवा आला. 1943 मध्ये त्याचं विमान प्रशांत महासागरात कोसळलं, 47 दिवस तो तराफ्यावर तरंगत राहिला आणि मग जपानी छावण्यांमध्ये छळ सोसला. 1949 मध्ये बिली ग्रॅहम यांच्या लॉस एंजेलिसच्या सभेत तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि 1950 मध्ये तोक्योच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटला. साठ वर्षांनी, 2010 मध्ये, लॉरा हिलेनब्रँड यांचं ‘अनब्रोकन’ आलं. हिलेनब्रँड दीर्घ आजारामुळे घराबाहेर पडू शकत नव्हत्या. नायकाशी सगळ्या मुलाखती त्यांनी फोनवर घेतल्या आणि पुस्तक होईपर्यंत दोघं समोरासमोर भेटलेसुद्धा नव्हते. सभांमधून बोलत फिरला तो नव्वदी ओलांडलेला झॅम्परिनीच. लेखिका अंथरुणात आणि नायक दौऱ्यावर, अशी ही उलटी वरात.

आपल्याकडे नायक कमी नव्हते. सांगलीत 1915 साली जन्मलेले विजय हजारे मराठी ख्रिस्ती. धर्मावर संघ पाडणाऱ्या मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते ‘द रेस्ट’ संघाकडून खेळत. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 त्यांच्या एकट्याच्या होत्या. धाकटा भाऊ विवेक त्यांच्याबरोबर तीनशे धावांच्या भागीदारीत होता आणि त्याच्या स्वतःच्या धावा होत्या एकवीस. 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं आणि 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला कर्णधार म्हणून भारताचा पहिला कसोटी विजय. हजारे अबोल. स्वतःवर भाषणं देत फिरणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. पुण्याचे चंदू बोर्डेही ख्रिस्ती, 2002 साली पद्मभूषण झालेले. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं 1980 च्या दशकापासून होताहेत, मराठी लेखक, नट, गायक तिथं आवडीनं जातात, आणि सांगलीच्या गल्लीतून अ‍ॅडलेडला पोचलेल्या माणसावर तासभर बोलणाऱ्याला तिथं श्रोत्यांची वाण पडू नये.

हजारेंची कामगिरी निदान धावफलकांत जपली गेली. हल्याळकडच्या धावपटूंना तेवढाही आधार नाही. पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आणलेल्या माणसांचे वंशज म्हणजे सिद्दी. उत्तर कन्नडातले अनेक जण गोव्यातल्या गुलामीतून पळून घाटावरच्या जंगलात आले. हल्याळ, मुंडगोड, यल्लापूर, जोयडा या तालुक्यांत त्यांच्या वाड्या आहेत. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कन्नड. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

त्याच्या बऱ्याच आधी, 1987 च्या सुमारास, भारतीय क्रीडा प्राधिकरणानं विशेष क्षेत्र क्रीडा योजना आणली. तेव्हा केंद्रात क्रीडा खातं मार्गारेट अल्वा यांच्याकडे होतं. वस्त्यांमधून मुलं-मुली निवडली, वसतिगृहात नेली, पहिल्यांदाच पायात स्पाइक्स चढवले. यामागचा तर्क कच्चा होता. पूर्वज आफ्रिकेचे, म्हणून मुलं पळतील, असं कुणीतरी कागदावर मांडलं होतं. सिद्दींचे पूर्वज शतकांपूर्वी इथं आले आणि पळणं पूर्वजांच्या नकाशावर अवलंबून असतं तर चौगुल्यांना अँटवर्पला कुणी धाडलं नसतं. पण तर्क चुकीचा असला तरी मुलांना जेवण, प्रशिक्षक आणि मैदान खरंखुरं मिळालं आणि तेवढ्यावर ती पळाली. कमला सिद्दी, जुजे जॅकी हर्नोडकर ही नावं देशपातळीवरच्या स्पर्धांच्या निकालांत दिसू लागली. आणि 1993 च्या आसपास सिद्दींसाठीची ही योजना गुंडाळली गेली. विशीच्या उंबरठ्यावरची पोरं वाडीवर परतली. ज्यांना खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली ती तगली, बाकीची शेतमजुरीला आणि जंगलातल्या कामांना लागली.

हल्याळहून गाडी चालवणारा मध्यमवयीन माणूस हे सगळं ओळखून होता. “पळणारी पोरं आमच्याकडं कमी नव्हती, काका,” तो म्हणाला. “पळून जायचं कुठं, हाच सवाल होता बघा.”

इथं लिडेलचं चरित्र मांडीवर असताना ती तफावत समजू लागते. लिडेलनं शर्यत सोडली, कारण ती त्याच्या हातात होती. स्टडनं इस्टेट वाटली, कारण ती त्याच्या नावावर होती. व्याख्यानाच्या गोष्टीला लागतो तो हा स्वेच्छेचा क्षण. माणूस उभा राहतो, नाही म्हणतो, सभागृह स्तब्ध होतं. हल्याळच्या मुलीनं शर्यत सोडली नाही, वसतिगृहाला कुलूप लागलं. त्यात श्रद्धा नव्हती असं मुळीच नाही. रविवारी चर्चला जाऊन सोमवारी रोजंदारीला जाणाऱ्या बाईची श्रद्धा पॅरिसच्या प्रवचनाहून कमी पक्की ठरत नाही. पण तिच्या गोष्टीत नाट्यमय नकार नाही, त्याऐवजी एक फाईल आहे आणि ती कुणाच्या टेबलावर बंद झाली याचा शोध आहे. अशी गोष्ट सांगायला स्टडची रीत उपयोगाची नाही, रमाबाईंची लागेल.

आणि ही गोष्ट अजून संपलेलीही नाही. गेल्या दशकात नितीश चिनीवार यांच्या ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स या संस्थेनं मुंडगोड भागात मुलांना पुन्हा धावायला शिकवणं सुरू केलं आहे. यावेळी सरकारी योजनेच्या आयुष्यावर सगळं टांगलेलं राहू नये, असा त्यांचा प्रयत्न आहे. हल्याळच्या आखाड्यातल्या कुस्तीनंही या समाजातल्या मुलींना जागा दिली.

हल्याळच्या धावपटूचं चरित्र निघालं तर त्याला परदेशात श्रोते कुठं मिळतील याचं उत्तर सेराफिनो आंताव यांच्याकडे आहे. मूळ गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब, जन्म मोंबासाचा. 1962 च्या नोव्हेंबरात पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी केनियाकडून शंभर आणि दोनशे वीस यार्ड अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. केनियाचे लांब पल्ल्याचे धावपटू जगाला माहीत होण्यापूर्वी त्या देशाला मैदानावरचं मोठं सुवर्ण मिळवून देणारा एक गोंयकार होता. 1964 मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये केनियाचा ध्वज त्यांच्या हातात होता. 2011 मध्ये लंडनला ते वारले. पूर्व आफ्रिकेतल्या गोंयकार खेळाडूंवर सिडनीत राहणारे पत्रकार सिप्रियन फर्नांडिस यांनी ‘स्टार्स नेक्स्ट डोअर’ लिहिलं आणि त्या पिढीची नावं एकत्र केली. ज्या गोव्यातून आंतावांचे आई-वडील पोटासाठी आफ्रिकेला गेले, त्याच गोव्यात आफ्रिकेतून माणसं बांधून आणली गेली होती आणि त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना हल्याळच्या जंगलानं थारा दिला. एका बंदराच्या या दोन बाजू एकाच भाषणात मांडता येतील.

तेव्हा कुणी कमलाचं किंवा जुजेचं चरित्र मनावर घेतलंच, तर दौऱ्याचा मार्ग आखायला फार डोकं लागणार नाही. मडगाव, मोंबासा, लंडन, टोरोंटो, लिस्बन. प्रत्येक ठिकाणी गोंयकारांची मंडळं आहेत, चर्चची सभागृहं आहेत, कोकणी कळणारे कान आहेत. लिस्बनला थोडी अडचण होईल, कारण तिथं श्रोत्यांना गुलामांच्या जहाजांबद्दलही ऐकावं लागेल. त्याआधीचा एक कार्यक्रम हल्याळच्या शाळेच्या पटांगणावर करायचा, योजनेत असलेल्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि चुका तिथंच दुरुस्त करून घ्यायच्या. मानधनाचा करार प्रकाशकाशी करताना चरित्रनायिकेचा वाटा लेखकाच्या आधी लिहायचा. पुस्तकाचं टेबल आणि गल्ला सांभाळायला तिच्याच घरचं कुणीतरी बसलं, तर हिशोबही चोख राहील.